शून्याचा सराव

“सात वेळा गेलाय हा माणूस सकाळपासून. सात. आन् तिथं शून्य लिहायलाय,” सुमन ओरडत होती. नांदेडच्या दवाखान्यात, गच्च भरलेल्या ओपीडीत, हातातली पाण्याची बाटली माझ्यावर उगारून. “माझ्याकडं काय बघायलाव? सिस्टरकडं बघा अन् खरं सांगा.”

माझ्या बायकोचा हा आवाज मी त्याआधी आयुष्यात एकदाच ऐकला होता. तो कधी, ते पुढं येईल.

मी खुर्चीवर बसलेलो. मांडीवर पॅड, पॅडच्या चिमट्यात फॉर्म, हातात दोऱ्यानं बांधलेलं पेन. फॉर्मवर विचारलं होतं, दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा पातळ शौचास जावं लागलं. पुढच्या चौकोनात मी एक शून्य काढलं होतं. काय शून्य होतं ते. कंपास घेऊन काढलं असतं तरी इतकं गोल आलं नसतं.

समोर प्रणिता सिस्टर उभ्या होत्या. मूळच्या मुखेडच्या. आमच्यावर नवीन औषधांची जी ट्रायल चालू होती, तिचे सगळे कागद त्यांच्या ताब्यात. वय तिशीच्या आत, पण समोरच्याला गप्प राहून घाम फोडायची ताकद तहसीलदाराची.

“काका,” त्या म्हणाल्या, “किती?”

“लई झालं तर एखाद वेळा,” मी म्हणालो. इतकं बोलून पॅड त्यांच्या हातात कोंबून मला पळावं लागलं.

ती आठवी वेळ.

मी कोण

मी लातूरचा पेपरवाला. सकाळी दारात पडतो तो पेपर नव्हे, सराव पेपर. मी आयुष्यात एक दिवसही शिकवलेलं नाही, तरी गावभर मला सर म्हणतात. भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूचं आमचं गाव उरलं नाही, तेव्हा मी लातूरला आलो आणि एका क्लासमध्ये सायक्लोस्टाइलच्या यंत्राचा दांडा फिरवायला लागलो. पुढं क्लासेस वाढले. एका गल्लीत एक होता तिथं चाळीस झाले. कोपऱ्याकोपऱ्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले, घराघराच्या माळ्यावर वसतिगृह झालं, आणि मी दांडा सोडून स्वतःचा छापखाना टाकला. चार पर्याय, एक गोल काळा करा. संच अ, संच ब. महाराष्ट्रातल्या निम्म्या डॉक्टरांनी माझ्या पेपरवर गोल काळे केलेत.

हे वाक्य सुमननं वाचलं आणि ‘निम्म्या’ या शब्दाखाली रेघ मारली. तर सांगून टाकतो, या लिखाणात जिथं जिथं आकडा आहे तो तिनं तपासलाय. निम्मे डॉक्टर तेवढे मी हट्टानं राहू दिलेत.

सोनोग्राफीचा दिवस

उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. मी म्हणायचो, पेपरचे गठ्ठे उचलून होतंय. पँट ढिली झाली, पट्ट्याला नवीन भोक पाडलं, आणि लोकांना सांगितलं की सकाळी पळायला जातोय. जेवणावरची वासना गेली तेव्हा सुमननं मला धरून लातूरच्याच एका डॉक्टरकडं नेलं.

सोनोग्राफीवाला डॉक्टर आधी लई बोलका होता. पोटावर ती थंडगार जेली लावली तेव्हा माझ्याच छापखान्याची चौकशी चालली होती. मग यंत्र बरगडीखाली आलं आणि तो बोलायचा थांबला. परत परत एकाच जागी फिरवायला लागला. मी तीन विनोद सांगितले. तिन्ही चांगले होते. तो हसला नाही, तेव्हा मला कळलं.

पुढच्या तपासण्या झाल्या आणि आमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं. लिव्हरचा कॅन्सर आहे. गाठ मोठी आहे, रक्तवाहिनीत शिरलीय, ऑपरेशन करून काढता येणार नाही. सुमननं विचारलं, “मग काय करायचं?” डॉक्टर म्हणाले, “एक गोळी असते. आणि नांदेडला सध्या दोन औषधं एकत्र देऊन बघायलेत. तिथं जाऊन विचारा.”

बाहेर आल्यावर आम्ही रसवंतीवर बसलो. सुमननं दोन ग्लास सांगितले आणि दोन्ही माझ्यापुढं सरकवले. मी दोन्ही प्यालो. जगातला सगळ्यात गोड रस होता तो. यात अतिशयोक्ती नाही, सुमनला विचारा. पण तिनं कुठं प्याला होता.

ज्याला नुकतंच कळलंय त्याच्यासाठी एक सांगतो. त्या दिवशी काही ठरवायचं नसतं. रस प्यायचा आणि घरी जायचं.

दारू

लिव्हर म्हटलं की लोकांचा चेहरा कसा होतो ते मला आता पाठ आहे. आधी हळहळ, मग डोळ्यात एक बारीक चमक. “अच्छा, घेत होते तर.” मी जन्मात थेंब घेतला नाही. मला ब प्रकारची कावीळ होती, कधी लागली ते देवाला ठाऊक, अंगात गुपचूप बसून तिनं हे केलं. सुरुवातीला मी गल्लीतल्या एकेकाला थांबवून समजावायचो. मग कंटाळलो आणि सांगायला लागलो की हो, रोज एक बादली प्यायचो. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

तुमच्या घरात कुणाची कावीळ अशी गुपचूप बसली असेल तर रक्त तपासून घ्या. हे मात्र चेष्टेत लिहीत नाही.

निवड

प्रणिता सिस्टरांनी दोन तास बसवून आम्हाला संमतीपत्र वाचून दाखवलं. “काका, हे नीट कळून घ्या. काहीजणांना सलाईनमधलं औषध आन् गोळी, दोन्ही मिळतील. काहीजणांना नुसती गोळी. दोन्ही मिळून जास्त फायदा होतो का, आन् त्रास किती होतो, ते बघायचंय. कुणाला काय मिळणार ते संगणक ठरवतोय. आमच्या हातात न्हाई, तुमच्याबी न्हाई.”

संगणकानं मला दोन्ही दिली.

मी लातूरला जाऊन सांगितलं, सगळ्या मराठवाड्यातून माझी निवड झाली. आठ दिवसांत त्याचं भारतातून झालं. एका क्लासवाल्यानं माझा सत्कार केला, शाल घातली. पुढच्या खेपेला मी ती शाल अंगावर घालूनच नांदेडला गेलो. सिस्टर म्हणाल्या, “काका, चिठ्ठी निघाली म्हणायचं. निवड न्हाई.”

पण अभिमान वाटत होता, तो खराच. भूकंपात मला उचलून बाहेर काढलं, लातूरनं उचलून पोटाला लावलं. दोन्ही वेळा मी फक्त उचलला गेलो होतो. आता पहिल्यांदा माझ्याकडून कुणालातरी काही पाहिजे होतं.

तर दर तीन आठवड्यांनी एसटीनं नांदेड. रक्त द्यायचं, फॉर्म भरायचा, मग खुर्चीत बसून सलाईन. हे औषध म्हणजे अंगातल्या फौजेला जागं करणारं. घरी रोज गोळी. ती गाठीची रसद तोडणारी. मला समजलं ते एवढं, आणि एवढं पुरतं.

सराव

आता माझी चूक सांगतो. अशी चूक फक्त आमच्या लातूरचा माणूस करू शकतो.

दर खेपेला जो फॉर्म भरायचा असे, त्यात प्रश्न होते. थकवा किती, हातापायाची आग किती, भूक किती, जुलाब किती. जिथं पर्याय असायचे तिथं शून्य ते चार. तीस वर्षं ज्यानं पर्यायच छापले त्याच्यापुढं तुम्ही हा कागद ठेवलात. आणि संमतीपत्रात एक ओळ होती की त्रास जास्त झाल्यास औषध थांबवण्यात येईल.

मी हिशेब केला. चार म्हणजे नापास. शून्य म्हणजे पास.

त्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर रेणापूरचे माधवराव बसायचे. साधा माणूस. सिस्टरनं विचारलं की सगळं सांगत सुटायचे. पायाची सालं निघायलीत, तोंड आलंय, रात्री झोप न्हाई. तिसऱ्या खेपेला त्यांची खुर्ची रिकामी. मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, “त्यांचं औषध थांबवलंय.”

बस. मी घरी आलो आणि तो फॉर्म आठवून आठवून छापखान्यात जुळवला. संच अ, संच ब, प्रश्न मागंपुढं केलेले. नांदेडला जायच्या आधीच्या आठवड्यात रोज दुपारी जेवणानंतर आमचा सराव चालायचा. सुमन पाटावर बसून विचारायची.

“प्रश्न चार. हातापायाची आग?”

“शून्य.”

तेव्हा माझे तळवे असे झाले होते की मी टाचेवर चालायचो, बदकासारखा.

“प्रश्न नऊ. थकवा?”

“शून्य.”

“आवाज जरा खणखणीत काढा. शून्य म्हणायलाव की कण्हायलाव?”

हो, तीसुद्धा सामील होती. ती हे नाकारत नाही. तिलाही वाटायचं की ही एकच दोरी आहे आणि ती आपल्या तोंडानं तोडायची नाही. एकदा पोरांना घालतात तसा दही-साखरेचा चमचा तिनं निघताना माझ्या तोंडात घातला होता. सगळ्या खेपांना आम्ही पैकीच्या पैकी शून्यं मिळवली.

मग जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी दोन, मग चार. सुमन म्हणाली, “हे सांगू या.” मी म्हणालो, “हे संच ब मध्ये आहे.” ती हसली नाही. पाचव्या दिवशी तिनं फॉर्म हातात घ्यायचं बंद केलं. मी एकटाच स्वतःला प्रश्न विचारून उत्तरं द्यायला लागलो. नवव्या दिवशी नांदेडची खेप होती.

एसटी

घरून निघायच्या आधी तीन वेळा झालं. बस चाकूरला थांबली तेव्हा चौथी. कंडक्टर भला होता, मी येईपर्यंत घंटी मारली नाही. अहमदपूरला पाचवी, तिथं मात्र त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, “सर उतरायलेत, इंजिन बंद कर.” लोह्याला मी काही बोलायच्या आधीच अख्खी बस सरकून मला वाट द्यायला लागली. एका म्हातारबाबानं आपला तांब्या पुढं केला. मी लातूर-नांदेड रस्त्यावर एक माहितीपुस्तक लिहू शकतो, कुठं पाणी आहे, कुठं कडी नाही. इतकी इज्जत मला शाल घातलेल्या दिवशीही मिळाली नव्हती.

सुमन सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी जाऊन आलो की बाटली पुढं करायची. नांदेडला उतरल्यावर दवाखान्यात सातवी झाली. तोंडावर पाणी मारून, केस विंचरून मी पॅड मांडीवर घेतलं आणि ते शून्य काढलं.

पुढचं तुम्ही वाचलंयच.

आठ

आठव्या वेळेहून परत आलो तेव्हा सुमनचा आवाज ऐकून डॉक्टर मॅडम स्वतः बाहेर आल्या होत्या. त्यांनी मला आत घेतलं, टेबलावर झोपवलं, पोट दाबून बघितलं.

“किती वेळा, सर?”

चोरी पकडलीच होती. आता निदान गोष्ट तरी चांगली सांगावी म्हणून मी म्हणालो, “चाळीस, मॅडम. चाळीस-पन्नास. मोजायचं सोडून दिलं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलंच नाही. “काकू, तुम्ही सांगा.”

“आठ. घरी तीन, चाकूर, अहमदपूर, लोहा, आन् इथं दोन. नऊ दिवस झाले चालू होऊन.”

मॅडमनी आठ लिहिलं. माझ्यादेखत, मी जिवंत असताना, माझ्याच पोटाचं बायकोला विचारून. आयुष्यात मला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं.

मग त्या माझ्याशी बोलल्या. “सर, गोळीनं जुलाब झाले तर गोळी थांबवून भागतं. पण सलाईनच्या औषधानं जागी झालेली फौज कधी कधी आपल्याच आतड्यावर तुटून पडते. तेव्हा नुसतं थांबवून भागत नाही. तिला आवरायचं औषध लगेच द्यावं लागतं, नाही तर आतडं फुटतं. दोन औषधं एकत्र असली की कुणामुळं काय झालं हे ओळखणं हेच अवघड काम. आणि त्याची सुरुवात तुमच्या तोंडापासून होते. तेच तुम्ही बंद करून बसलात.”

“मला वाटलं, काढून टाकाल.”

“आणि तुमची सगळी शून्यं खरी धरून आम्ही पुढच्या माणसालाही हेच डोस चालतात असं लिहिलं असतं. मग त्याच्या आतड्याचं काय?”

मी टेबलावर उठून बसलो.

“मी उदगीरची,” मॅडम म्हणाल्या. “बारावीला लातूरला होते. दोन वर्षं तुमचेच पेपर सोडवले. डोक्यावर ठळक काय छापलेलं असायचं?”

मला सांगावं लागलं. “माहीत असेल तेच लिहा. अंदाजे गोल काळा करू नये.”

“मी पाळायचे ते,” त्या म्हणाल्या, आणि मला भरती करून घेतलं.

वॉर्ड

दोन्ही औषधं थांबली. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली, मॅडमचा अंदाज खरा ठरला, फौजेला आवरणारी औषधं शिरेतून सुरू झाली. सकाळी सहाला ताप, सातला रक्त, आठला पेज. पेजेत मीठ कमी, पण गरम. अकराला मॅडमची फेरी, आणि मग दिवसभर छताचा पंखा.

वॉर्डात झाडणाऱ्या एक मावशी होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझी धावपळ बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून शौचालयाच्या दारात आपली बादली आडवी ठेवायला लागल्या. कुणी आत जायला लागलं की म्हणायच्या, “थांबा, सर येणारेत.” कलेक्टरसाठी विश्रामगृह राखून ठेवतात तसं. मी त्यांना काही देऊ शकलो नाही. माझ्या छापखान्यातलं एक कॅलेंडर दिलं, ते त्यांनी दारावरच लावलं.

भीती मात्र होती. जुलाबाची नव्हे, मरणाचीसुद्धा तितकी नव्हे. भीती होती की आता खुर्ची गेली. औषध गाठीवर चाललंय का ते बघायचा स्कॅन अजून व्हायचा होता, आणि मी आधीच वर्गाबाहेर. सिस्टर आल्या की मी तेच विचारायचो.

“काढत न्हाईत, काका. थांबवतात,” त्या म्हणायच्या. मला फरक कळत नव्हता.

एका दुपारी सुमन स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. गेल्या तीन दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. मी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भूकंपाची गोष्ट सांगत होतो. ही गोष्ट मी हजार वेळा सांगितलीय. ढिगाऱ्याखाली मी होतो, लातूरला आलो तेव्हा नऊ तास, छापखाना टाकला तेव्हा अठरा, सत्काराच्या दिवशी दीड दिवस.

“चार तास,” सुमन म्हणाली. तिनं मान वर केली नाही. “मी वर बसले होते. चार.”

तो माणूस कुशीवर वळला. सुमन हळू आवाजात बोलत राहिली. “आमचं घर तुमच्या शेजारी. मी वरून वरडत होते, दत्ता, आवाज दे. तुमी काय म्हणलात?”

मला आठवत होतं. तोच तो आवाज, जो मी त्याआधी एकदा ऐकला होता.

“ठीकाय म्हणलात. ‘मी ठीकाय’. म्हणून माणसं दुसरीकडं गेली. तुळई पायावर होती अन् ठीकाय. पाय वाकडा राहिला त्यो त्याच्यानं. होऊन गेलेलं तुमी डोंगराएवढं करून सांगता, आन् चालू असलं की गिळता. त्या दिवशी मी पोर होते, मला कळलं न्हाई. परवा मला ऱ्हावलं न्हाई.”

मी तिला कधी न सांगितलेलं त्या दुपारी सांगितलं. तिथं खाली आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि बोलत नव्हती. मी ठीक नाही म्हणालो असतो तर वरच्यांनी पुढं आईचं विचारलं असतं. ते मला उच्चारायचं नव्हतं. म्हणून ठीकाय.

सुमननं मोसंबीची फोड माझ्या हातात दिली. मग म्हणाली, “आता विचारलं की सांगायचं. मी असले काय अन् नसले काय.”

मग ट्रायलची रोजनिशी माझ्या हाती आली, सिस्टरांनी दिलेली साधी वही. पहिल्या दिवशी पाच लिहिलं. सहा लिहावं की चार, असं दोन्ही बाजूंनी मनात ओढाताण. पाच म्हणजे पाच लिहायला किती जोर लागतो ते ज्याला गोष्टी सांगायची सवय आहे त्यालाच कळेल. दुसऱ्या दिवशी चार. आठवड्यानं एक. ज्या दिवशी खरोखर शून्य आलं त्या दिवशी मी ते काढलं, थोडं वाकडंच, आणि सुमनला वही दाखवली. तिनं विचारलं, “आईशपथ?” मी म्हणालो, “आईशपथ.”

माधवराव

फौज आवरायच्या गोळ्या कमी करत करत महिन्या-दीड महिन्यानं मॅडमनी मला परत बोलावलं. सलाईनच्या खोलीत शिरलो, तर शेजारच्या खुर्चीवर माधवराव. चांगले जाडजूड झालेले, चहात बिस्कीट बुडवून खात.

मी दारातच थांबलो. “तुम्हाला तर काढलं होतं.”

“मला? कोण काढतंय?” माधवराव म्हणाले. “गोळी दोन आठवडे बंद होती. पाय बरे झाले, आता निम्मी चालू हाय. तुमी काय समजलात सर, मी गेलो?”

मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो. तो माणूस सगळं सांगत होता म्हणून सुट्टीवर जाऊन बिस्कीट खात परत आला होता, आणि मी पहिला नंबर काढून आतडं फाडून घ्यायला निघालो होतो.

स्कॅन झाला. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मी इथं लिहिलं होतं की नारळाची सुपारी झाली. सुमननं खोडलं. मोसंबीचं लिंबू झालं, असं ती म्हणते, आणि दोन्ही फळं तिच्या हातातून गेलेली असल्यानं मी वाद घालत नाही. गाठ गेलेली नाही. मॅडम म्हणाल्या, आहे तिथं दबून आहे, आणि तपासत राहायचं. गोळी कमी डोसनं चालू झाली, आणि बऱ्याच विचारानं सलाईनसुद्धा. हे लिहितोय तेव्हा मी खातो, पितो, छापखान्यात जातो, गठ्ठे मात्र उचलत नाही. नवीन कुणी पेशंट आला की सिस्टर त्याला माझ्या शेजारी बसवतात. मी त्याला आधी भूकंपाची गोष्ट सांगतो, चार तासांची. चारच तासांची असली तरी चांगली होते, असं आता लक्षात आलंय. मग सांगतो की फॉर्मवर खरं लिही, इथं नापास कुणी करत नाही. शाल बघायची असेल तर लातूरला ये.

परवाच्या खेपेला सलाईन चालू होतं. मी प्रणिता सिस्टरांना विचारलं की या सगळ्याचा अहवाल निघेल ना. त्या म्हणाल्या, निघेल. म्हटलं, जगभर वाचतील? म्हणाल्या, डॉक्टर लोक वाचतील. मी छाती फुगवून विचारलं की मग त्यात माझं नाव कुठं येईल, वरती की खाली, म्हणजे तेवढं पान मोठं करून मी आमच्या चौकात लावतो, पहिल्या आलेल्या पोरांच्या रांगेत. मला शाल घालणाऱ्या क्लासवाल्याच्या पोरीचा फोटो तसाही आता उन्हानं पांढरा पडलाय.

“नाव नसतंय, काका. गावबी नसतंय.”

“मग माझं म्हणून त्यात काय येणार?”

त्यांनी सलाईनचे थेंब मोजले, घड्याळ बघितलं, चाक थोडं फिरवलं.

“आठ जुलाब,” त्या म्हणाल्या.